इंग्रजी स्पेलिंग एकदाचं सोपं का करून टाकत नाहीत?

करून पाहिलं की! तेही खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी.

1906 साली न्यूयॉर्कमध्ये 'सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्ड' निघालं, पैसा पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगींचा. बोर्डाने 300 शब्दांची यादी काढली. 'थ्रू'मधले ओ, जी, एच उडवून नुसतं टी-एच-आर-यू. 'ड्रॉप्ड'च्या शेवटी ईडीऐवजी टी. थिओडोर रूझवेल्टना हे एवढं पटलं की ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी छापखान्याला तसा हुकूमच सोडला. वर्तमानपत्रांना तर पर्वणीच! यादीतले बरेच शब्द तिकडे आधीच रूढ होते, पण टिंगलीपुढे ते ऐकतो कोण? डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने ठरवलं, जुनीच स्पेलिंगं चालतील. रूझवेल्टनी मुकाट्याने हुकूम मागे घेतला.

टिंगल सोडा, पण उच्चाराप्रमाणे लिहायचं तर कुणाच्या? 'कार'मधला र लंडनवाले गिळतात, स्कॉटलंडमध्ये तो खणखणीत ऐकू येतो. शिवाय ते ईडी दिसतं तेवढं निरुपयोगी नाही. 'वॉक्ड'मध्ये त्याचा उच्चार ट, 'प्लेड'मध्ये ड, 'वाँटेड'मध्ये इड. पण कागदावर एकच खूण, त्यामुळे भूतकाळ झटकन कळतो. 'साइन'मधला मुका जी 'सिग्नेचर'मध्ये बोलायला लागतो, म्हणून तोही राहू दे. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी मात्र खुशाल काढा. तो पंडितांनी लॅटिन मूळ दाखवायला मागाहून घुसडलाय, इंग्रजीत त्याचा उच्चार कधी झालाच नाही.

आपल्याकडे 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, 'नांव'चं 'नाव' झालं. जुन्या मंडळींनी कुरकुर केली असेल, पण साहित्य महामंडळाचे नियम राज्य सरकारने मान्य केले, पाठ्यपुस्तकं तशी छापली, संपलं. इंग्रजीला असं महामंडळच नाही. लंडनने ठरवलं तर वॉशिंग्टन का ऐकेल, आणि दिल्ली तरी का ऐकेल?

जे काही बदललं ते नोआ वेब्स्टर या अमेरिकन शिक्षकामुळे. त्यांच्याकडे हुकमाची ताकद नव्हती, पण शाळेत चालणारं स्पेलिंगचं पुस्तक होतं आणि पुढे शब्दकोशही. 'कलर'मधला यू अमेरिकेतून गेला तो असा. 'टंग' म्हणजे जीभ, ती टी-यू-एन-जी लिहा असंही ते सांगत होते. ते मात्र त्यांच्याच देशाने साफ धुडकावलं.