जनवकिलीची सुरुवात एकाच मागणीपासून करा

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांसाठी जनवकिली करण्याचा, म्हणजे त्यांच्या मागण्या शासनापुढे मांडण्याचा, आपला निश्चय आपल्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. आपल्या यादीत वनहक्क (वनजमिनीवरील हक्क), पाणी, आश्रमशाळा आणि रेशन असे चार विषय आहेत. माझा आग्रह आहे की पहिल्या वर्षी फक्त वनहक्काचा घ्यावा.

२००६च्या वनहक्क कायद्यात निर्णयाची वाट स्पष्ट आखलेली आहे. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. नवखे कार्यकर्ते बहुधा येथेच चुकतात: ते थेट मंत्र्यांना निवेदन देतात आणि तो कागद फिरून पुन्हा प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातच येतो. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चाने हा प्रश्न राज्यापुढे ठळकपणे मांडला, तरी प्रत्येक दाव्याची छाननी शेवटी याच समित्यांमध्ये होते.

म्हणून सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- दावा फेटाळल्यास कारणांसह लेखी निर्णय मागा; तो कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.
- प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.
- मागणीचा मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवा. तेथे स्त्रियांचे म्हणणे आवर्जून ऐका, कारण विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याची तरतूद कायद्यातच आहे आणि ती सर्वांत आधी विसरली जाते.

अर्थसंकल्पाचा अभ्यास आणि न्यायालयीन याचिका यांकडे तूर्त वळू नका.