गहाण, गिरवी की तारण? ‘पॉन शॉप’ला मराठीत काय म्हणावं

इंदूरच्या एका मराठी घरातून प्रश्न आला आहे. घरात रात्री ‘पॉन स्टार्स’ बघतात, म्हणजे अमेरिकेतल्या एका पॉन शॉपवरची, वस्तू ठेवून घेऊन कर्ज देणाऱ्या दुकानावरची मालिका. आजीने विचारलं, या दुकानदाराचा धंदा तरी नेमका कसला? नातू म्हणाला, ‘गिरवीचं दुकान’. वडिलांनी लगेच दुरुस्त केलं की गिरवी हिंदी, आपला शब्द ‘गहाण’. आई सहकारी बँकेत नोकरीला, ती म्हणाली ‘तारण’. यात बरोबर कोण, आणि ‘पॉन शॉप’ला मराठीत एक नेमका शब्द आहे का?

तिघांचेही शब्द खरे आहेत. पण ते एकमेकांच्या जागी ठेवता येतातच असं नाही.

गहाण हा घरचा. संस्कृत ‘ग्रहण’, प्राकृत ‘गहण’, त्यावरून मराठी ‘गहाण’. कर्ज देणाऱ्याने आपल्या हाती धरून ठेवलेली वस्तू. या शब्दाचा संसार मोठा आहे. दस्त केला की गहाणखत. जमीन मालकाच्याच ताब्यात राहिली तर नजरगहाण, सावकाराच्या ताब्यात गेली तर कब्जेगहाण. पॉन शॉपमध्ये वस्तू काउंटरपलीकडे जाते आणि पैसे फिटेपर्यंत तिथेच राहते, म्हणजे जातीने हे कब्जेगहाणच.

गिरवी मूळ फारसीतला. तो हिंदीत रुळला आणि गुजरातीत ‘गीरो’ झाला. म्हणून वडोदऱ्याच्या मराठी माणसाच्या कानावर गीरो पडतो, आपल्या कानावर गिरवी. सराफ्यात व्यवहार हिंदीतून होतात, पाट्या हिंदीत असतात, तेव्हा इंदुरी मराठीत ‘आईच्या पाटल्या गिरवी ठेवल्या’ हे वाक्य सहज येतं. त्यात अशुद्ध काही नाही. सराफ आणि मुदत हेही शब्द बाहेरूनच आले, त्यांना आपण कधी परकं मानलं नाही. मला काळजी वाटते ती एवढीच की गिरवी म्हणता म्हणता गहाण विसरलं जाईल. गिरवी ‘ठेवतात’ आणि ‘सोडवतात’, त्यापुढे तिची फारशी वाढ झाली नाही. गहाणाची मात्र झाली आहे. ‘गहाण ठेवलं’ यात हिशेब आहे, ‘गहाण टाकलं’ यात नाइलाज आहे. ‘घर गहाण टाकून पोराला शिकवलं’ या वाक्यात ‘ठेवून’ घालून बघा, सगळी कळ निघून जाते. ‘अक्कल गहाण ठेवणे’ तर आहेच. हे सगळं हातचं जाऊ देऊ नये.

तारण मात्र वेगळ्या अंगाने बघतो. कर्जाला तारणारं ते तारण. वस्तू कुणाच्या हातात आहे यापेक्षा कर्ज सुरक्षित आहे का, हा त्याचा प्रश्न. म्हणून तो बँकेला भावतो: सोनेतारण कर्ज, विनातारण कर्ज. माझ्या मते गहाणाला चिकटलेली लाजही त्याला नाही. तेच तोडे सावकाराकडे गेले तर ‘गहाण पडले’, बँकेत ठेवले तर ‘सोनेतारण केलं’. बँकेत काम करणाऱ्या आईच्या तोंडी तारण यावं हे योग्यच आहे.

आता खुद्द मालिका. ती अमेरिकेत 2009 मध्ये हिस्टरी चॅनलवर सुरू झाली. लास वेगसमधलं ‘गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप’, मालक रिक हॅरिसन, त्याचे वडील, मुलगा कोरी आणि मुलाचा मित्र चमली. कुणी जुनी तलवार आणतो, कुणी सही केलेलं पत्र, कुणी गिटार. रिक विचारतो, गहाण ठेवायचं की विकायचं? बहुतेक लोक विकायचं म्हणतात. मग जाणकाराला बोलावतात, तो वस्तू उलटीपालटी करून किंमत सांगतो, आणि घासाघीस सुरू होते. गिऱ्हाईक त्या किमतीवर अडून बसतं आणि दुकानदार तिच्या बऱ्याच खाली बोली लावतो, कारण त्याला ती वस्तू कपाटात मांडून, गिऱ्हाईकाची वाट बघून, नफा ठेवून विकायची असते.

आजीचा गोंधळ इथेच होतो आणि तो रास्त आहे. आपल्याकडे ही दोन कामं एका छपराखाली, इतक्या तऱ्हेच्या वस्तूंसाठी, क्वचितच होत. गहाण घेणारा तो सावकार किंवा सराफ. जुन्या चीजवस्तू विकत घेणारा निराळा. शिवाय आपण दुकानाचं नाव घेत नसू, माणसाचं घेत असू: ‘शेटजींकडे ठेवलंय’, ‘सावकाराकडे पडलंय’. म्हणून क्रियापदं भरपूर असूनही दुकानाला घट्ट बसलेलं नाव मराठीत झालं नाही. मी बोलताना ‘गहाणाचं दुकान’ म्हणेन. लिहिताना ‘गहाणपेढी’ चालेल, समास साधा आहे आणि कुणालाही कळतो. ‘सावकारी दुकान’ मला पटत नाही, कारण सावकार तलवारी आणि गिटारी विकायला बसत नाही.

‘विकायचं’ या शब्दाबद्दल थोडं. सोन्याच्या बाबतीत मराठी घरात हा शब्द जड जातो. आपण सोनं ‘मोडतो’. नोट मोडून सुटे घ्यावेत, तसं डाग मोडून पैसे घेतात. सराफ कसोटीवर दागिना घासतो, कस बघतो, वजन करतो, घट धरतो आणि मोडीचा भाव सांगतो. नक्षीचे, घडणावळीचे पैसे त्यात धरत नाहीत. तेव्हा सराफ्यातला तोच प्रश्न मराठीत ‘गहाण ठेवायचं की मोडायचं?’ असा होईल. लास वेगसच्या काउंटरवर तो जसाच्या तसा चालणार नाही. तिथे येणाऱ्या गिटारीची किंवा पत्राची किंमत ती वस्तू अखंड असण्यातच आहे, तिथे ‘विकायचं’ हेच बरोबर.

मुदत टळली तर काय, यातही फरक आहे, आणि शब्द निवडताना तो लक्षात घ्यावा. अमेरिकेतल्या पॉन शॉपमध्ये मुदतीत पैसे भरले नाहीत की वस्तू दुकानाची होते आणि कर्ज तिथेच संपतं. कुणी वसुलीला मागे लागत नाही. आपल्या ‘गहाण बुडालं’ या बोलीशी हे बरोबर जुळतं. आपल्याकडचा 1872 चा करार कायदा मात्र वेगळं सांगतो. कर्ज थकलं तरी गहाण घेणारा आपोआप मालक होत नाही. त्याने रीतसर सूचना देऊन वस्तू विकायची, आपलं येणं वळतं करायचं आणि वर उरलेली रक्कम मूळ मालकाला द्यायची. विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत मालकाला वस्तू सोडवून नेण्याचा हक्क राहतो. तेव्हा इथल्या सोनेतारणाविषयी लिहिताना ‘बुडालं’ म्हणू नये, ‘लिलावात निघालं’ म्हणावं.

नातवाने आणखी एक विचारलं आहे: बुद्धिबळातल्या ‘पॉन’शी याचा संबंध आहे का? नाही. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग सारखं, पण मुळं वेगळी. गहाणाचा पॉन जुन्या फ्रेंचमधल्या तारण या अर्थाच्या शब्दावरून आला, तर बुद्धिबळातला पायदळाच्या शिपायावरून. आपलं प्यादंही फारसीतला पायी चालणाराच.

राहता राहिलं लिंग. गिरवी स्त्रीलिंगी, ‘गिरवी सोडवली’. गहाण नपुंसकलिंगी, ‘गहाण सोडवलं’. इंदूरकडे ‘गहाण सोडवली’ असं कानावर येतं, ते गिरवीच्या वळणाने. ‘पाटली गहाण ठेवली’ हे मात्र बरोबर, कारण तिथे क्रियापद पाटलीप्रमाणे चालतं.