वॉरंटी 5 वर्षांची, पण तक्रारीची मुदत 2 वर्षांचीच

डबल ग्लासच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये वाफ धरली, कंपनीचा माणूस 'बघतो बघतो' म्हणत राहिला, 19 महिने गेले, आता आतल्या काचेला तडाही गेलाय, तर स्वतःच काच बदलून मग खर्च वसूल करू का असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की वॉरंटी 5 वर्षांची आहे त्यामुळे तशी घाई नाही. हे शेवटचं वाक्य मी फ्रिजपासून वॉटरप्रूफिंगपर्यंत सगळ्या पत्रांत वाचलंय आणि दर वेळी डोक्याला हात लावलाय.

घाई आहे. वॉरंटी म्हणजे माल किती टिकेल याची कंपनीने दिलेली हमी. तक्रार कधीपर्यंत करायची ते कंपनी नाही, कायदा ठरवतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. समोरचा वकील काय करणार, तुमचा सगळ्यात जुना मेसेज काढणार ज्यात तुम्ही फोटो टाकून 'आत वाफ दिसतेय' लिहिलंय, आणि म्हणणार मोजा इथून. म्हणजे तुमच्या हातात 5 महिने. तुम्ही केलेले फोन, 'पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो' ही आश्वासनं, यांनी मुदत थांबत नाही. वॉरंटी चालू असताना दुरुस्ती नाकारली तेव्हा कारण घडलं असंही मांडता येईल, पण त्यांनी लेखी नकार दिलाय कुठे? त्या मुद्द्यावर अवलंबून राहायची वेळच येऊ देऊ नका. सबळ कारण दिलं तर ग्राहक आयोग, म्हणजे जिथे ही तक्रार चालते तो, उशीर माफ करू शकतो, पण 'वाट बघत होतो' हे कारण कितपत चालेल, मला तरी भरवसा नाही.

रविवारी काच बदलायचा बेत रद्द करा, प्लीज. मध्ये वाफ धरली म्हणजे कडेचं सील गेलं, आणि ते सिद्ध करायला तुमच्याकडे तो अख्खा काचेचा संच सोडून दुसरं काही नाही. दोन काचांमध्ये कडेने पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे असतात, सील गेलं की ते दाणे ओल पिऊन भरतात आणि मग वाफ आत अडकते, बाहेरून कितीही पुसा. बऱ्याच वेळा पट्टीवर तारीख किंवा कोड छापलेला असतो, टॉर्च मारून त्याचा फोटो घ्या. दुरुस्तीवाल्याने संच उचलून नेला की हे सगळं भंगारात.

तड्याबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. वॉरंटीत सील असतं आणि 'काच फुटणे' वगळलेलं असतं असं खूपदा दिसतं, तुमचं कार्ड बघितल्याशिवाय कळणार नाही. तडा कडेपासून काटकोनात निघाला असेल तर उष्णतेच्या ताणाचा असू शकतो, एका बिंदूपासून चहूकडे गेला असेल तर काहीतरी आपटलंय. पण तुमच्या फोटोत काचेवर सनफिल्म दिसतेय, ती कोणी लावली? तुम्ही लावून घेतली असेल तर तड्याचा मुद्दा मी फार ताणणार नाही, फिल्मने काच जास्त तापते आणि ते तेच धरून बसतील. वाफेवर जोर ठेवा.

आता नोटीस. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही, वाफ पहिल्यांदा दिसल्याची तारीख, फोटो, आणि 15 दिवसांत येऊन बघा आणि संच बदलून द्या, नाहीतर तुमच्या खर्चाने बदलून घेईन आणि जुना संच जपून ठेवीन असं स्पष्ट लिहा. तडा वाढून काच पडायची भीती असेल तर वाट बघू नका, व्हिडिओ काढून संच उतरवा, पण टाकू नका. आयोगात 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलंय. लिहिलंय खरं. म्हणूनच नोटिशीवर मिटलं तर तुमचं नशीब समजा.

आणि ते वॉरंटी कार्ड 'बहुतेक कपाटात असेल' असं तुम्ही लिहिलंय, ते आज शोधा, बिलासकट.