लीड बदलला, पण सांगितलं कोणाला?

प्रश्न: नमस्कार सर, मी भोसरीत एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत आहे, मेकॅनिकल डिझाइन बघतो. पिक-अँड-प्लेस मशीनच्या उभ्या अक्षावर मोटरला लोड जास्त वाटला म्हणून मी बॉलस्क्रूचा लीड (स्क्रू एक फेरा फिरल्यावर अक्ष जेवढा सरकतो ते अंतर) १० मिमीवरून ५ केला, ड्रॉइंगवर रिव्हिजनही टाकली. कमिशनिंगला, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करताना, अक्ष अर्धंच अंतर चालायला लागला, प्रोग्रामरने ते सुधारलं तर आता सायकल टाइमच (एका फेरीला लागणारा वेळ) बसत नाही आणि मी, पॅनेलवाला आणि प्रोग्रामर असे आम्ही तिघं एकमेकांकडे बोट दाखवतोय. एकजण म्हणाला एमबीएसई करा, म्हणजे मॉडेलवर आधारित सिस्टिम इंजिनिअरिंग. पण ते मोठ्या कंपन्यांचं काम ना? त्यासाठीची मॉडेलिंग भाषा सिसएमएल, तिचा कोर्स करू का?

उत्तर: आधी एक सांगतो, तुमचा लीडचा निर्णय मूर्खपणाचा अजिबात नव्हता. तुमच्या मशीनचे आकडे पत्रात नाहीत म्हणून नेहमीचे धरतो. समजा सेकंदाला ३०० मिमी वेग हवाय. १० मिमी लीडला मोटर १८०० आरपीएमवर फिरते, ५ मिमीला तोच वेग गाठायला ३६०० लागतात, आणि सर्व्हो मोटर जर ३००० आरपीएमची असेल तर सेकंदाला २५० मिमीच्या पुढे गाडी जातच नाही, प्रोग्रामर कितीही हुशार असू दे. मोटर किती फिरली ते मोजणारा एन्कोडर एका फेऱ्याला १०,००० काउंट (मोजणीचे ठोके) देत असेल तर आधी एक काउंट म्हणजे १ मायक्रॉन होता, आता अर्धा, म्हणून अंतर अर्धं झालं. आणि अजून एक, लोडसाठीचा टॉर्क निम्मा झाला खरा, पण मोटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) स्वतः दुप्पट झपाट्याने वेगात आणावा लागतो, त्यामुळे छोट्या स्ट्रोकच्या मशीनमध्ये वाचवलेला टॉर्क बऱ्याचदा तिथेच जातो.

म्हणजे एक आकडा बदलला आणि तो मेकॅनिकल, पॅनेल, प्रोग्राम अशा तिन्हीकडे पोचायला हवा होता, पण राहिला फक्त तुमच्या ड्रॉइंगवर. मला विचाराल तर एमबीएसईचा जीव इथे आहे, डायग्राममध्ये नाही. वेगाची गरज, लीड, मोटरचा आरपीएम, काउंट हे सगळं एकाच मॉडेलमध्ये समीकरणांनी बांधायचं, सिसएमएलमध्ये याला पॅरामेट्रिक डायग्राम म्हणतात, म्हणजे लीड बदलला की गरज मोडतेय हे ऑर्डर द्यायच्या आधीच कळतं. नुसते चौकोन काढून भिंतीवर लावले तर काही उपयोग नाही, तसं करणारे खूप पाहिलेत म्हणून कळकळीने सांगतोय.

मोठ्यांचंही असंच होतं हो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळापाशी गमावलं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदात देत होतं आणि पुढचं ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. दोन्हीकडची माणसं हुशारच होती, मधल्या इंटरफेसला मालक नव्हता.

कोर्स नंतर करा. या आठवड्यात तिघांनी एकत्र बसा आणि ज्या ज्या आकड्यावर एकापेक्षा जास्त जणांचं काम अवलंबून आहे ते सगळे एका शीटमध्ये एककासकट लिहा, प्रत्येकासमोर एक नाव. वीस-पंचवीसच निघतील. पुढच्या मशीनला तेच कॅपेला या सिस्टिम मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, फुकट आहे.

प्रश्न: आमच्याकडे सिम्युलिंक मॉडेल आहे, मग एमबीएसई झालंच ना?

उत्तर: अर्धं झालं. सिम्युलिंक किंवा ओपनमॉडेलिका ही सिम्युलेशनची सॉफ्टवेअरं, ती मशीन कसं वागेल ते सांगतात, पण ती मोटर का निवडली, कुठल्या गरजेसाठी आणि कुठल्या टेस्टने ती तपासली हे त्यात आपोआप येत नाही, ते सिस्टिम मॉडेलमध्ये लिहावं लागतं. दोन्ही जोडा. सिसएमएलची दुसरी आवृत्ती २०२५ मध्ये मंजूर झाली, ती कोडसारखी टाइप करून लिहिता येते, त्यामुळे तुमच्या प्रोग्रामरला गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) बदल बघता येतील आणि तो कदाचित तुमच्याआधी शिकेल.