कॅप्टनच बिल का भरतो?

(या महिन्यात वैमानिकांच्या आपसांतल्या वागण्याबद्दल बरीच पत्रं आली, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत. उत्तरं नेहमीप्रमाणे आमच्या स्तंभलेखिकेची. त्या स्वतः निवृत्त विमान कॅप्टन आहेत.)

माझी मुलगी नुकतीच एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून लागली. बाहेरगावी मुक्काम असला की जेवणाचं बिल दर वेळी कॅप्टनच भरतात, तिला पाकीट उघडू देत नाहीत. तिला ओशाळल्यासारखं होतं. असा नियम आहे का? तिने परतफेड कशी करावी?
– एक आई, सांगली

नियम नाही, रीत आहे. आणि ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत मुक्कामाच्या गावी पहिली बिअर कॅप्टनने पाजायची, असा जुना प्रघात. आपल्याकडे उड्डाणाआधीचे 12 तास दारू वर्ज्य आणि ड्यूटीवर आल्यावर नळीत फुंकून दाखवावं लागतं. मुक्कामही बहुतेकदा आखूड. त्यामुळे हा प्रघात इथे आला तो जेवणावर नि चहा-कॉफीवर.

मी उजव्या खुर्चीत, म्हणजे फर्स्ट ऑफिसर होते तेव्हा चेन्नईच्या मुक्कामात कॅप्टन मला एका साध्या मेसमध्ये घेऊन गेले. केळीच्या पानावरचं जेवण झालं, डवऱ्यातली कॉफी झाली, मी पर्स काढली. ते आधीच गल्ल्याकडे निघाले होते. मागे न बघता म्हणाले, "खांद्यावर पट्ट्या किती?" म्हटलं, "तीन, सर." "चौथी आली की काढ."

चौथी आली, मी कॅप्टन झाले, आणि मग तेच वाक्य मी माझ्या उजवीकडच्या पोरापोरींना ऐकवत राहिले. त्यातली एक चिवट निघाली. मी हात धुवायला गेले तेवढ्यात तिने बिल चुकतं केलं. मी तिला चांगली झापली. मनातून मात्र आवडलं.

यामागे साधा हिशेब आहे. नव्या फर्स्ट ऑफिसरच्या डोक्यावर बहुधा प्रशिक्षणाचं कर्ज असतं, त्यावर टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या परवानगीचा, खर्च. कॅप्टनचा पगार त्याच्या कितीतरी वर. शिवाय मोठ्या कंपनीत हजारो वैमानिक, जोड्या लावतो संगणक. आज जिच्याबरोबर जेवलात ती पुन्हा कधी रोस्टरवर दिसेल, सांगता येत नाही. म्हणजे ज्याने खाऊ घातलं त्याला परत खाऊ घालायची संधीच मिळत नाही. तो हिशेब पुढच्याकडे सरकतो.

तेव्हा मुलीला म्हणावं, ओशाळू नकोस, पोटभर जेव. फार वाटलं तर तुमच्या सांगलीच्या भडंगाचा एक पुडा बॅगेत टाकून द्या. फक्त तो हॉटेलवर उघडायचा. कॉकपिटमध्ये बटणांच्या फटीत शेंगदाणे गेले तर इंजिनीअर तिला सोडणार नाही.

विमान मागे ढकलून झालं की खाली उभा असलेला एक जण लाल फीत वर धरून दाखवतो आणि हात करतो. कुणाला? मी खिडकीतून उलट हात केला तर बायको हसली.
– वाचक, अकोला

तो कॅप्टनला दाखवत असतो. ट्रॅक्टरने विमान ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग निकामी करून ठेवावं लागतं. नाहीतर आतून चुकून चाक वळलं तर टो-बारचा, म्हणजे ट्रॅक्टर नि विमान जोडणाऱ्या दांड्याचा, फटका खालच्या माणसाला बसेल. त्यासाठी चाकाजवळ एक पिन खोचतात. तिला लाल फीत. काम झालं की पिन काढायची आणि 'ही बघा, माझ्या हातात आहे' असं कॉकपिटला दिसेल अशी धरायची. इथवर सुरक्षेचा भाग.

त्यापुढचा सलाम किंवा हात मात्र निव्वळ सौजन्य. त्याला उत्तर द्यायचं असतं. दिवसा काचेतून हात दिसतो. रात्री मी डोक्यावरचा दिवा क्षणभर लावून हात करायचे, म्हणजे त्याला कळावं. काही जण मान खाली घालून चेकलिस्ट वाचत राहतात. मला ते कधीच खपलं नाही. मे महिन्यात नागपूरच्या तापलेल्या काँक्रीटवर कानाला हेडसेट लावून तो उभा असतो. आपण एसीत.

तुम्ही जरूर हात करा. बायकोलाही करायला लावा.

आमचा जावई अमेरिकेत वैमानिक आहे. राहतो एका शहरात, नोकरी दुसऱ्या शहरातून. ये-जा करताना दुसऱ्याच कंपनीच्या विमानात कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर फुकट बसतो आणि त्या क्रूसाठी चॉकलेटं नेतो. ही लाचच नाही का?
– वाचक, ठाणे

नाही हो. खुर्ची चॉकलेटाशिवायही मिळते.

तिकडे अशी ये-जा करणारे वैमानिक पुष्कळ आहेत. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या कंपन्यासुद्धा एकमेकींच्या वैमानिकांना ही 'जंपसीट' देतात. 2001च्या सप्टेंबरनंतर परक्या कंपनीच्या लोकांना कॉकपिट बंद झालं होतं. गेटवरच संगणकाने ओळख पडताळायची सोय झाल्यावर पुन्हा उघडलं. तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. म्हणून तुमचा जावई विमानात शिरल्याशिरल्या जागेवर जाऊन बसत नसेल. आधी कॉकपिटच्या दाराशी थांबून नाव सांगत असेल, 'येऊ का?' विचारत असेल. 10,000 फुटांखाली कामाखेरीज बोलायचं नाही हा तिकडचा 1981पासूनचा नियम, तो त्यालाही लागू. मात्र दोघांच्या नजरेतून निसटलेलं काही त्याला दिसलं तर त्याने बोलायचं. चॉकलेटं बहुतेकदा केबिन क्रूसाठी असतात, आणि पाकीटबंद. कुणाच्या हातचे लाडू अनोळखी माणसाने विमानात वाटू नयेत एवढं शहाणपण तिकडेही आहे.

आपल्याकडे हे दार इतकं सैल नाही. 2023मध्ये दिल्ली-दुबई विमानात एका कॅप्टनने ओळखीच्या व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसवलं, तर डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं आणि कंपनीला 30 लाखांचा दंड ठोठावला. ते योग्यच झालं, असं माझं मत.

पुढे हवा खराब आहे हे पायलटला आधीच कसं कळतं?
– विद्यार्थी, बारामती

बरंचसं पुढे गेलेला सांगतो म्हणून. विमानातल्या रडारला पावसाचे थेंब दिसतात. निरभ्र आकाशातले हादरे दिसत नाहीत. ते ज्याने खाल्ले त्यालाच माहीत. तो कंट्रोलला कळवतो, कंट्रोल मागच्यांना. समुद्रावर कंट्रोल लांब असतो तेव्हा 123.45 या फ्रिक्वेन्सीवर वैमानिक आपसांत विचारतात, "तुमच्या उंचीवर कसं आहे?" उत्तर कुठल्याही कंपनीचा देतो.

मुंबईत जुलैत याची किंमत कळते. 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरताना पुढच्याने नुसतं "जरा हलतंय" म्हटलं तर उपयोग शून्य. "500 फुटांवर 15 नॉट वेग गेला" असं म्हटलं की मागचा तयारीत राहतो. उतरल्यावर हुश्श करून गप्प बसायचा मोह होतो. पण तुमच्या मागे रांगेत असलेल्यांना त्या 15 नॉटची गरज असते.

जे. आर. डी. टाटांनी शर्यतीत प्रतिस्पर्ध्यालाच मदत केली, असं आजोबा सांगतात. खरं का?
– वाचक, पुणे

अगदी खरं. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 1930ची गोष्ट. जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले होते, अस्पी इंजिनीअर उलट दिशेने येत होते. अस्पी तेव्हा 17 वर्षांचे. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसले होते. जेआरडींकडे जादा प्लग होते, ते त्यांनी दिले. अस्पींनी बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं, कारण जेआरडींना पुढे भूमध्य समुद्र ओलांडायचा होता आणि त्यांच्याकडे ते नव्हतं.

बक्षीस अस्पींनी जिंकलं, काही तासांच्या फरकाने. पुढे 1960 ते 1964 ते भारताचे हवाई दलप्रमुख होते. सगळे प्लगचं कौतुक करतात. मला लाइफ जॅकेटचं जास्त वाटतं. शर्यतीतल्या दुसऱ्या गड्याच्या वाटेत समुद्र आहे, हे त्या वयात सुचायला हवं ना!

मी फर्स्ट ऑफिसर आहे. पावसात वॉकअराउंडला कॅप्टन मलाच पाठवतात. एक कॅप्टन तर 'गुड मॉर्निंग'लाही उत्तर देत नाहीत. काय करू?
– नाव नको, मुंबई

पहिल्याला उत्तर : रेनकोट घ्या. विमानाभोवती फिरून तपासणी सहसा फर्स्ट ऑफिसरच करतो. "तू बस, मी भिजून येतो" म्हणणारे कॅप्टन असतात, मीही अधूनमधून जायचे, पण तो हक्क नाही.

दुसरं मात्र हलकं घेऊ नका. सकाळी उत्तर न देणाऱ्याशी दुपारी वाद घालायला जीभ रेटत नाही. 22 मे 2010ला मंगळूरला विमान उंच आणि वेगात येत होतं. फर्स्ट ऑफिसरने 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, सुचवलं होतं. कॅप्टनने लँडिंग चालूच ठेवलं. 158 माणसं गेली. तिथे कुणी उद्धट होतं असं मी म्हणत नाही. पण उजवीकडचा आवाज डावीकडे पोचला नाही तर काय होतं, ते एकदा अहवालात वाचाच.

तेव्हा उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्येच सांगून टाका : "सर, मर्यादेबाहेर गेलं की मी 'गो अराउंड' म्हणणार." आणि तशी वेळ आली तर 'सर, मला वाटतं' वगैरे न लावता तेवढे दोनच शब्द, मोठ्याने. हे वारंवार होत असेल तर कंपनीच्या सेफ्टी विभागाला गोपनीय अहवाल द्या. त्याला चहाडी म्हणत नाहीत.

विमानातून उतरताना पायलटला साताऱ्याचे कंदी पेढे दिले तर चालतील का?
– वाचक, सातारा

चालतील. दुकानाचा सीलबंद डबा असू द्या, आणि तो केबिन क्रूच्या हाती द्या. दोन वैमानिक उड्डाणात एकच पदार्थ खात नाहीत, पोट बिघडलं तर दोघांचं एकदम बिघडू नये म्हणून. तेव्हा पुढचं उड्डाण असेल तर एकाने लगेच खायचे, दुसऱ्याने मुक्कामी पोचल्यावर. आधी कोण, हे ठरवायचा अधिकार कॅप्टनचा, आणि इथे मी स्वतः कधीच उदारपणा दाखवला नाही.