सत्तावीस दिवसांचं अंतर

प्रिय,

आग्नेय आशियातल्या मानवाधिकारांवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. कष्ट दिसतात. पण पहिल्याच पानावरचं 'या प्रदेशातली परिस्थिती चिंताजनक आहे' हे वाक्य आधी काढून टाक. कुठल्याही प्रदेशाबद्दल, कुठल्याही साली ते खपून जाईल.

शेवटी देशांना गुण देणारा तक्ता जोडलायस, तोही नको. थायलंडच बघ. २०२५च्या जानेवारीपासून तिथं समलिंगी जोडप्यांना कायद्यानं लग्न करता येतं. आग्नेय आशियात हे पहिल्यांदाच घडलं. त्याच देशात कलम ११२ आहे. राजघराण्याचा अवमान केल्याचं सिद्ध झालं, तर एकेका आरोपाला तीन ते पंधरा वर्षं तुरुंगवास. यांची सरासरी काढून हाती काय लागणार? फिलिपिन्सनं २००६ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली. दहा वर्षांनी अमली पदार्थांविरुद्धची मोहीम सुरू झाली आणि तिच्या कारवायांत, पोलिसांच्याच हिशेबानं, सहा हजारांवर माणसं मारली गेली. खटला न चालवता.

आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या, मानवाधिकार आयोगाचं तू फार कौतुक केलंयस. २००९ पासून तो आहे, खरं. पण तिथं निर्णय एकमतानं होतात. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्याचाही होकार हवा! मानवाधिकारांचं प्रादेशिक न्यायालय युरोपला आहे, अमेरिका खंडाला आहे, आफ्रिकेलाही आहे. इथं नाही.

या आसियाननं १८ नोव्हेंबर २०१२ ला नॉम पेन्हमध्ये मानवाधिकारांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यानंतर सत्तावीस दिवसांनी, १५ डिसेंबरच्या संध्याकाळी, लाओसच्या राजधानीत सोम्बाथ सोमफोन जीपमधून घरी निघाले होते. ग्रामविकासात आयुष्य घातलेला, मॅगसेसे पुरस्कार मिळालेला माणूस. पत्नी पुढच्या गाडीत होती. पोलीस चौकीपाशी त्यांची जीप अडवली गेली. मोटारसायकलवरून आलेला कुणीतरी ती जीप घेऊन गेला आणि त्यांना दुसऱ्या गाडीतून नेलं. हे सगळं वाहतूक पोलिसांच्या कॅमेऱ्यात आहे, घरच्यांनी त्याचं चित्रण करूनही घेतलं. सरकार म्हणतं, आमचा संबंध नाही. सोम्बाथ अजून सापडलेले नाहीत.

तुझ्या मसुद्यात जाहीरनाम्याला दीड पान आहे आणि ही चौकी कुठंच नाही. मला खटकलं ते हे.

इंडोनेशियातलं जकार्ताही राहिलंय. २००७ पासून दर गुरुवारी तिथल्या राष्ट्रपती भवनासमोर काळ्या छत्र्या घेऊन माणसं न्याय मागत उभी राहतात. त्यांत १९९८ मध्ये गोळीबारात मुलगा गमावलेली आई आहे. (मला अहवालांपेक्षा अशा छत्र्यांवर जास्त भरवसा वाटतो. हा माझा दोष समज.)

आणि म्यानमारचं प्रकरण २०१७ पासून सुरू करू नकोस. त्या ऑगस्टमधल्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९८२चा नागरिकत्व कायदा आधी काढून वाच. सरकारमान्य १३५ वंशांच्या यादीत रोहिंग्यांचं नाव नाही. घरं जळायच्या कितीतरी आधी ही माणसं कागदावरून गेली होती. तिथून सुरू कर, मग पुन्हा पाठव.

तुझ्या मसुद्याची वाट बघतोय.