कर्ज फिटलं, पण मूळ करारनामा बँकेला सापडेना

प्रश्न: गृहकर्ज १० जून २०२५ रोजी पूर्ण फेडलं. नो ड्यूज (कर्ज बाकी नसल्याचं पत्र) मिळालं, फ्लॅटची कागदपत्रं नाहीत. शाखेत आधी ‘रेकॉर्ड रूममधून यायची आहेत’ म्हणाले, आता फ्लॅट खरेदीचा ‘मूळ करारनामा सापडत नाही’ असं तोंडी सांगतात. सप्टेंबर संपला. फ्लॅट विकायचा आहे. काय करू?

उत्तर: आधी ते ‘सापडत नाही’ लेखी घ्या. सगळं त्यावरच अडलंय.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा (मालमत्तेवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. गृहकर्जाला हा नियम लागू आहे, धंद्याच्या कर्जाला नाही.

कागद गहाळ झाला असेल तर बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. म्हणजे नुसता उशीर धरला तर ११ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ८२ दिवसांचे ४,१०,००० रुपये होतात. गहाळ धरला तर १० ऑगस्टपासून ५२ दिवसांचे २,६०,०००. पुढे रोज भर पडतेच.

तरीही, रक्कम कमी झाली तरी चालेल, पण ‘दस्त आमच्या ताब्यातून गहाळ झाला’ हे पत्र घ्याच. लेटरहेडवर, दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, सही-शिक्क्यासह. ते नसेल तर मूळ करारनामा दुसरीकडे गहाण आहे की काय, अशी शंका खरेदीदाराच्या बँकेला येते आणि तिथेच व्यवहार अडतो. दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणारी प्रमाणित प्रत ती शंका दूर करत नाही, कारण ती कुणीही काढू शकतो. ही प्रत मिळवून देणं आणि तिचा खर्च सोसणं, दोन्ही बँकेचंच काम आहे. भरपाई त्याशिवाय वेगळी.

कर्ज देताना बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी शोधून ठेवा. करारनामा बँकेकडे होता याचा तोच पुरावा.

तक्रार बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारी पाहणारा अधिकारी) लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे जा. फी नाही. तिथली तक्रार स्वतःच्या नावाने, स्वतःच करा. वकिलामार्फत केलेली स्वीकारत नाहीत. हाच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तरीही लोकपाल हात घालत नाही, म्हणून एकच वाट धरा.

कागद हातात देताना बँक छापील पोच पुढे करेल. त्यात ‘कोणतीही तक्रार नाही’ असं असेल तर ती ओळ खोडा, त्या दिवशीची खरी तारीख घाला, ‘भरपाईचा हक्क राखून’ असं लिहून मगच सही करा. मागची तारीख घातलेल्या पोचेवर सही केलीत, तर उशीर झाल्याचा पुरावाच उरत नाही.

सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेट) बँकेचा बोजा नोंदवला असेल, तर नो ड्यूजची प्रत सचिवांना देऊन तो याच आठवड्यात उतरवून घ्या.